पाच मोजेपर्यंत

जेवणं झाली, ताटं आत गेली आणि आम्ही तिघं गच्चीत येऊन बसलो. मी, भाची आणि तिचा धाकटा भाऊ. भाची विमान चालवायला शिकते आहे. छोटी विमानं संपवून आता ती कंपनीवाल्यांच्या जेट विमानांच्या वर्गात गेली आहे. निघण्याआधी काय काय तपासावं लागतं ते ती भावाला सांगत होती.

"आणि ऑक्सिजन?" मी विचारलं.

"तो काय मामा, मास्कचं बटण दाबायचं. फुस्स झालं की चेक."

"किती वेळ दाबतेस?"

"फुस्स होईपर्यंत!"

भाचा हसला. मला हसू आलं नाही. एकतीस वर्षं विमानांच्या हँगरमध्ये मिस्त्रीकाम केल्यावर त्या एका आवाजाचं हसू येत नाही. गच्चीचा दिवा डोळ्यांवर येत होता, तो बंद करायला लावला.

"मामा भुताची गोष्ट सांगणार," भाचा म्हणाला.

"भुताची की कशाची ते तू ठरव. मी फक्त वेळा सांगतो. वेळा मला पाठ आहेत. आणि मामीसमोर हा विषय काढायचा नाही, तिला यातलं अर्धंच माहीत आहे."

मग मी सांगितलं ते असं.

नोव्हेंबरची बावीस तारीख. बुधवार संपून गुरुवार लागला ती रात्र. आमच्या शेठचं नऊ जणांचं जेट होतं, जुनं, पण चांगलं राखलेलं. शेठ आदल्या दिवशीच दुसऱ्या शहरात पोचले होते आणि ज्या कागदांसाठी गेले ते कागद ऑफिसच्या टेबलावर विसरले होते. सकाळी नऊला बैठक. तिकडची धावपट्टी पहाटे तीनपासून दुरुस्तीसाठी बंद राहणार. म्हणून रात्री दहाला निरोप आला, फाइल घेऊन विमान आत्ताच पाठवा.

म्हणजे दोन वैमानिक, एक निळी फाइल आणि बाकी सगळं विमान रिकामं.

कप्तान अठ्ठावन्न वर्षांचे. सलग चौथी रात्र होती त्यांची. विमानाच्या पायरीवर बसून ते बुटाची नाडी बांधत होते आणि एकच नाडी बराच वेळ बांधत होते.

"साहेब, झोप झाली का थोडी?" मी विचारलं.

"झोप त्या फाइलीत ठेवली आहे मिस्त्री. शेठना दिली की मिळेल."

को-पायलट बाई होत्या. चौतिशीच्या, घरी दोन लहान मुलं, आमच्याकडे सप्टेंबरात लागलेल्या. फाइल त्यांनी शेठच्या चामडी खुर्चीत उभी ठेवली आणि तिला पट्टा बांधला.

"प्रवाशांनी कृपया सीटबेल्ट बांधून घ्यावेत," त्या म्हणाल्या.

"त्यांना पाणी विचारा," कप्तान म्हणाले. "नाहीतर शेठकडे तक्रार करतील."

तेवढंच हसलो आम्ही त्या रात्री.

आता माझं काम. दाब कमी दाखवत होता म्हणून वैमानिकांच्या ऑक्सिजनचा सिलिंडर मी त्याच रात्री बदलला. तो विमानाच्या नाकात असतो. बाहेरून एक पत्र्याचं झाकण, अठरा स्क्रूंचं. झाकण काढायचं, जुना सिलिंडर उतरवायचा, नवा बसवायचा, जोडणी तपासायची. शेवटी व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघडायचा आणि तो धक्क्याने फिरू नये म्हणून बारीक तारेने बांधून टाकायचा. मग झाकण.

मी जोडणी तपासली. तारेचा तुकडा कापून हातात घेतला. तेवढ्यात खालून हाक आली. ऑफिसातला माणूस फाइल घेऊन आला होता, पोच सही हवी होती आणि त्याची रिक्षा बाहेर थांबली होती. मी तुकडा खिशात टाकला, शिडी उतरलो, सही केली. परत वर चढलो आणि थेट झाकण लावायला घेतलं. अठराच्या अठरा स्क्रू नीट आवळले. अगदी निगुतीने.

"म्हणजे व्हॉल्व्ह..." भाची म्हणाली.

"हो. बंदच राहिला."

"पण मास्क तपासताना कळलं असतं ना?"

म्हणून तर तुला विचारलं, किती वेळ दाबतेस. सिलिंडर बंद असला तरी नळीत थोडा ऑक्सिजन कोंडून राहिलेला असतो. बटण दाबलंस की तो बाहेर पडतो. फुस्स. काटा जागेवर दिसतो. सगळं छान. बटण पाच मोजेपर्यंत दाबून धरलंस, तरच काटा पडायला लागतो आणि कळतं की मागे काहीच नाही.

हे मला वस्तादांनी शिकवलं होतं. त्यांना अख्खं हँगर 'भाता' म्हणायचं, अर्थात पाठीमागे. दमा होता त्यांना. श्वास घेताना दोन तुकड्यांत घ्यायचे आणि सोडताना शेवटी एक बारीक शिट्टी वाजायची. कोणी काम टाळून बसलेला असला की त्याला आधी ती शिट्टी ऐकू यायची, मग वस्ताद दिसायचे. रिकाम्या फेरीला ते हटकून बरोबर जायचे, दोन वैमानिकांच्या मागे तिसरी घडीची खुर्ची असते तिच्यावर बसून. वैमानिकाने बटण दाबून 'चेक' म्हटलं की मागून यांचा प्रश्न तयार, "चेक म्हणालात. बघितलंत का?" आणि मग स्वतः मोजायचे. एक, दोन, तीन, चार, पाच. मोठमोठे वैमानिक वैतागायचे, पण पाच होईपर्यंत बटण सोडायचे नाहीत.

जुलैमध्ये ते गेले. शेवटचे दोन आठवडे त्यांच्याच तोंडावर मास्क होता. नर्स मास्क लावायला आली की म्हणायचे, "बाई, आधी गेज बघा."

तर त्या रात्री लॉगबुकवर सही घ्यायला मी कॉकपिटच्या दारात उभा होतो. कप्तानांनी बटण दाबलं. फुस्स. "चेक." मग बाईंनी दाबलं. आवाज आला, पण हलका. फुग्यातली हवा संपत आल्यासारखा. बाईंनी कप्तानांकडे पाहिलं. ते पुढच्या ओळीवर गेले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दिसलं त्यांच्या तोंडावर, त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. मी दिवसपाळी करून रात्रपाळीला थांबलेला माणूस. मला फक्त ती सही हवी होती.

"चेक," बाई म्हणाल्या.

तिघं होतो आम्ही तिथे. पाच कोणीच मोजले नाहीत.

बारा बावन्नला विमान उडालं.

एक वाजून दहा मिनिटांनी मी विश्रांतीच्या खोलीत बूट काढले. आडवं होण्याआधी खिसे रिकामे करायची सवय. पाना, पेन्सिल, फडकं... आणि तो तारेचा तुकडा. वीतभर. सरळच्या सरळ. बांधलेल्या तारेला पीळ असतो.

मी तो तळहातावर ठेवून बघत बसलो.

विमान चांगलं असेल तर ऑक्सिजन लागतच नाही. आत हवेचा दाब असतो, आपण घरात बसल्यासारखे बसतो. वर्षानुवर्षं तो मास्क कोणी तोंडाला लावत नाही. मी स्वतःला हेच सांगितलं. आत्ता कळवलं तर विमान परत येईल, शेठची बैठक जाईल, माझं लायसन जाईल. दीड तासाने ते उतरतील, तिकडच्या मिस्त्रीला गुपचूप फोन केला की झालं. कोणाला कळणारसुद्धा नाही.

अकरा मिनिटं मी बसून होतो. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून माहीत आहे.

"अकरा मिनिटं, मामा?" भाची म्हणाली.

"अकरा."



मग उठलो. बूट न घालता पळालो. हँगरच्या शेजारच्या खोलीत रात्रीचा ऑपरेटर रेडिओपाशी बसलेला असायचा, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. म्हटलं, बाबा, त्यांना सांग, मास्क पुन्हा तपासा. पाच मोजेपर्यंत. आणि लगेच खाली या.

"काका, झालं काय? अनवाणी का आलात?"

"आधी सांग!"

त्याने हाक दिली. एक बावीस.

उत्तर नाही.

पुन्हा दिली. नुसती खरखर.

"लांब गेले असतील," तो म्हणाला. पण बसल्या जागी सरळ झाला.

पुन्हा... पुन्हा... दर मिनिटाला तो हाक देत होता, आणि प्रत्येक हाकेनंतर आम्ही दोघं त्या रेडिओच्या जाळीकडे बघत होतो. मी मनात मोजायला लागलो. पाचपर्यंत जायचो. परत एकपासून.

एक एकतीसला बाईंचा आवाज आला. दोनच शब्द.

"परत येतोय."

दोन वाजून पाच मिनिटांनी विमान उतरलं. मी दार उघडलं. आत कागदच कागद. खुर्च्यांवर, जमिनीवर, दिव्याच्या खाचेत. पट्ट्यात फाइलीचं नुसतं निळं पुठ्ठ्याचं कव्हर उभं होतं. दाराच्या कडेचं रबर हातभर फाटून लोंबत होतं.

कप्तान उतरले ते सरळ कुंपणापर्यंत चालत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाई पायरीवर बसल्या. पाणी दिलं, ते हातातच राहिलं. नुसत्या दमल्या होत्या. लहान मूल आजारी असलं की पहाटे आई दिसते ना, तशा.

मग त्यांनी सांगितलं. मधे मधे थांबत. मी तसंच सांगतो.

एक बावीसला विमान एक्केचाळीस हजार फुटांवर होतं. दार कोणी जोरात आपटावं तसा आवाज झाला. कान फुटल्यासारखे दुखले. क्षणात सगळीकडे धुकं... आणि थंडी. मागे कागद उडायला लागले. त्या उंचीवर मास्कशिवाय माणूस पंधरा-वीस सेकंद शुद्धीवर असतो. दोघांनी पाच सेकंदांत मास्क चढवले. शिकवतात तसंच.

मास्क लावला की बोलणं मास्कमधल्या माइकवरून होतं. तो सतत चालू असतो. म्हणून हेडफोनमध्ये दोघांचे श्वास ऐकू येतात. स्वतःचा आणि दुसऱ्याचा. अगदी कानाशी.

"ऐकू येतंय?" कप्तानांनी विचारलं.

"येतंय."

पहिला श्वास पूर्ण आला. दुसरा अर्धा.

तिसऱ्याला मास्क तोंडाला चिकटला. आत काहीच नाही.

कप्तानांचा हात इंजिनांच्या दांड्याकडे गेला होता. तिथेच राहिला. मान बाजूला पडली. बाईंनी त्यांच्या हातावरून हात घालून दांडा मागे ओढला. हवा अडवणाऱ्या फळ्या उघडल्या. नाक खाली दाबलं. विमान पडल्यासारखं उतरू लागलं. पण दहा हजार फुटांवर यायला पाच-सहा मिनिटं लागतात. आणि त्यांच्याकडे सेकंद होते.

समोरचे काटे राखाडी झाले. मग मधलं एवढंसं वर्तुळ उरलं, नाण्याएवढं. त्यात उंचीचा आकडा. तो वाचता येत होता. त्याचा अर्थ लागत नव्हता.

हेडफोनमध्ये कप्तानांचा श्वास नाही.

स्वतःचा नाही. नुसतं रबर ओढल्याचं... टक्... टक्...

मग तेही नाही.

"मला बरं वाटलं," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. वाटलं, चला. आता झोप."

आणि तेवढ्यात...

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

"मिस्त्री, तिसरं कोण होतं?"

"तिसरं म्हणजे?"

"श्वास. तिसरा श्वास होता कानात."

मी कुंपणाकडे, कप्तानांकडे पाहिलं.

"कप्तानांचा नव्हता. ते निपचित होते. माझा नव्हता. मी घेतच नव्हते. आधी दोन तुकड्यांत आत... असा..."

त्यांनी घेऊन दाखवला.

"आणि मग बाहेर. हळू. शेवटी..."

ओठ आवळून त्यांनी तो सोडला. शेवटी बारीक शिट्टी वाजली.

कुंपणापाशी कप्तानांची पाठ हलली.

बाई सप्टेंबरात लागल्या होत्या, हे मी मघाशी सांगितलं. वस्ताद जुलैत गेले. त्यांनी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. नावसुद्धा ऐकलं नसेल.

"मागून येत होता," त्या म्हणाल्या. "घडीची खुर्ची आहे ना, तिकडून. वळून बघायचं होतं. मान वळेना. मग तो मोजायला लागला."

"काय?"

"आकडे. प्रत्येक श्वासाला एक. एक... मग शिट्टी. दोन... मग शिट्टी. घाई नाही. मला राग आला. म्हटलं, मी मरतेय आणि हा मोजतोय. तीन... चार..."

"आणि पाच?"

"पाचला मास्कमध्ये हवा आली. एकदम. थंड. छाती दुखली एवढी."

मग कप्तान हलले. मग काट्यांना रंग आले. दहा हजार फुटांवर पोचून मास्क काढेपर्यंत तो तिसरा श्वास कानात होता. मास्क काढले, माइक बंद झाले, आणि तो गेला.

कप्तान परत आले. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"रबराचा आवाज असतो तसा," ते म्हणाले. "जुने मास्क आहेत."

"तुम्हीपण ऐकलात ना आबा?" बाई म्हणाल्या. त्या त्यांना आबा म्हणायच्या.

कप्तान खाली बसले. पायरीच्या दुसऱ्या टोकाला. नाडी पुन्हा सुटली होती, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मला ते आता पोटात ठेवता येईना. म्हटलं, "साहेब, सिलिंडरचा व्हॉल्व्ह मी उघडलाच नव्हता. राहून गेला. एक दहाला मला कळलं. आणि मी अकरा मिनिटं गप्प बसलो."

वाटलं, उठून मारतील. मारायला हवं होतं. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांची दोन मुलं घरी झोपलेली होती, आणि ते त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं.

"नव्हता उघडला," कप्तान सावकाश म्हणाले. "नक्की?"

"नक्की." मी तार दाखवली.

"मग आम्ही कशावर आलो?"

त्यांनी माझ्या हातातली तार उचलून घेतली.

"जा," ते म्हणाले. "बघून ये. सांगू नकोस. बघ."

"मामा, पुरे," भाचा म्हणाला. मघाचा हसणारा आता बहिणीला चिकटून बसला होता.

"थोडंच राहिलंय," मी म्हटलं.

दोन बावन्न. शिडी लावली. विजेरी दातांत धरली. अठराच्या अठरा स्क्रू मी आवळले होते तसेच होते. एकेक काढला. घाई केली नाही. खरं म्हणजे घाई करवत नव्हती.

झाकण काढलं.

नाकातली पोकळी वरच्या थंडीने गोठलेली होती. सिलिंडर पांढरा. नळी पांढरी. सगळ्यावर बर्फाळ दहिवराचा पातळ थर, पिठी चाळल्यासारखा. कुठे ओरखडासुद्धा नाही.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता.

मी हात पुढे केला... आणि तिथेच थांबवला.

व्हॉल्व्हच्या चाकावर दहिवर पुसलेलं होतं. सगळं नाही. पाच जागी. चार बोटं आणि अंगठा. स्वच्छ, ओलसर, काळे ठसे.

न टेकवता मी माझा हात त्यावर धरून बघितला. बाहेरून हात घातला की आपली बोटं चाकाच्या पलीकडे जातात, अंगठा अलीकडे राहतो. माणसाचा हात असाच जातो. दुसरा मार्गच नाही.

तिथे बोटं अलीकडे होती.

अंगठा पलीकडे. आतल्या बाजूला... जिथे सिलिंडर कॉकपिटच्या भिंतीला जवळजवळ टेकतो. मी विजेरी तिथे धरली. अखंड पत्रा. मधल्या फटीत माझी करंगळीसुद्धा जात नाही.